हंगामाआधी चेंबर उघडायचं का? तेलाचा रिपोर्ट आणि बेरिंगचा निर्णय

गणपती झाले की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात एकच प्रश्न फिरू लागतो: ट्रॅक्टर उसाचा हंगाम काढेल का? टोळीला उचल दिलेली असते, ट्रॉल्यांचे टायर बघून झालेले असतात, राहतं ते इंजिन. काहीजण 'कशाला जोखीम' म्हणत बेरिंगचा सेट टाकूनच घेतात. काहीजण आवाज येईपर्यंत थांबतात. दोन्ही महागात पडतं. पहिल्या प्रकारात नीट बसलेलं इंजिन विनाकारण उघडलं जातं आणि उघड्यावरची धूळ नव्या शेलखाली (बेरिंगच्या अर्धगोल पट्टीखाली) जाऊन बसते. दुसऱ्या प्रकारात क्रँक (ज्याच्याभोवती हे बेरिंग बसतं तो दांडा) जातो, गाडी डिसेंबरात उभी राहते आणि टोळी बसून राहते.

तेलाची तपासणी हा यातला मधला रस्ता आहे, पण तिच्याकडून काय मागायचं हे आधी पक्कं करायला हवं. तेलाचा रिपोर्ट 'बेरिंग बदला' असं कधीच सांगत नाही. फार तर तो 'आता चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडून एक शेल डोळ्यांनी बघा' एवढं सांगतो. बदलायचं की नाही हे शेल आणि मायक्रोमीटर ठरवतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर रिपोर्टचा खरा उपयोग होतो. नाहीतर आकडा बघून घाबरणं आणि आकडा बघून निर्धास्त होणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

आधी बेरिंगची रचना बघू, कारण रिपोर्टमधला प्रत्येक धातू तिथूनच येतो. जुन्या धाटणीच्या बहुतेक डिझेल इंजिनांत शेलची पाठ स्टीलची असते. तिच्यावर तांबं-शिशाचा साधारण पाव मिलिमीटरचा थर असतो. त्यावर एक-दोन मायक्रॉनचा निकेलचा पापुद्रा आणि सगळ्यात वर शिसं-कथील-तांब्याचा मऊ, राखाडी मुलामा. हा वरचा मुलामा फक्त 15 ते 25 मायक्रॉन जाडीचा असतो. क्रँक ज्याच्यावर फिरतो तो हाच थर, म्हणून झीज सुरू झाली की तेलात आधी शिसं दिसतं आणि त्याच्या मागे थोडं कथील. मुलामा संपून निकेलही गेलं की तांबं चढायला लागतं. शिसं आधी, तांबं नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पण हे सगळ्या इंजिनांना लागू नाही. बऱ्याच नव्या इंजिनांत अ‍ॅल्युमिनियम-कथीलाचे, शिसं नसलेले शेल असतात. अशा इंजिनाच्या रिपोर्टमध्ये 'शिसं 1 पीपीएम' वाचून समाधान मानणं म्हणजे चुकीच्या दारावर पहारा देणं. तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि कथील बघावं लागतं. आपल्या इंजिनात कोणते शेल आहेत हे सुट्या भागांच्या दुकानात विचारता येतं. जुना शेल हाताशी असेल तर त्याची कड पॉलिश पेपरवर घासून भिंगाखाली धरा. स्टील आणि वरचा थर यांच्यामध्ये लालसर रेघ दिसली तर तांबं आहे, सगळंच पांढरट दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. चुंबक लावून काही कळत नाही, पाठ दोन्हीची स्टीलचीच असते.

आता पीपीएम म्हणजे नेमकं किती ते एकदा हिशेब करून बघा, भीती आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. एक पीपीएम म्हणजे एक किलो तेलात एक मिलिग्रॅम धातू. चेंबरमध्ये 8 लिटर तेल असेल तर त्याचं वजन साधारण 7 किलो. रिपोर्टमध्ये शिसं 20 पीपीएम आलं म्हणजे तेलात 140 मिलिग्रॅम शिसं आहे. आता क्रँकच्या 60 मिमी व्यासाच्या पिनवरचा (पिन म्हणजे क्रँकचा शेलमध्ये फिरणारा भाग) 28 मिमी रुंदीचा एक अर्धा शेल घ्या. त्याची आतली बाजू साधारण 2,640 चौरस मिमी होते. त्यावर 20 मायक्रॉनचा मुलामा म्हणजे जेमतेम 53 घन मिमी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे तेच 20 पीपीएम चार सिलिंडरच्या सगळ्या अठरा अर्ध्या शेलांतून थोडंथोडं आलं असेल तर ती किरकोळ झीज. पण एकाच शेलमधून आलं असेल तर त्या शेलचा पाव हिस्सा मुलामा गेलेला आहे. आकडा एकच, अर्थ दोन, आणि कोणता शेल हे तेल सांगू शकत नाही. एका रिपोर्टवर निर्णय का घ्यायचा नाही, याचं कारण हे आहे.

नमुना घेण्यात जेवढ्या चुका होतात तेवढ्या प्रयोगशाळेत होत नाहीत. इंजिन कामावरून आलेलं, पूर्ण गरम हवं. बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत तेल घ्यायचं. सकाळी थंड इंजिनातून काढलेल्या तेलात जड कण तळाला बसलेले असतात. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढणं. प्लास्टिकची नवी नळी डिपस्टिकच्या लांबीला लावून मोजायची आणि तेलाच्या मध्यापर्यंत जाईल एवढीच आत सोडायची. नळी तळाला टेकली की वर्षानुवर्षांचा गाळ बाटलीत येतो आणि आकडे फुगतात. प्रत्येक नमुन्याला नळी नवी. पंप नसेल तर तेल बदलताना ड्रेनच्या बोल्टभोवतीची माती पुसून घ्या, पहिलं लिटर-दीड लिटर जाऊ द्या आणि मधल्या धारेखाली बाटली धरा. शेवटची धार नको. बाटली प्रयोगशाळेचीच वापरा, 100 ते 120 मिली पुरतं. पाण्याची, सरबताची बाटली धुऊन वापरू नका. तिच्यात राहिलेला पाण्याचा एक थेंबही रिपोर्ट बिघडवतो.

चिठ्ठीवर इंजिनाचे तास, या तेलावर झालेले तास, तेलाची कंपनी आणि ग्रेड, मधे किती तेल वाढवलं, आणि एअर फिल्टर, हेड किंवा नोझलचं काम झालं असेल तर ते, एवढं लिहिलंच पाहिजे. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते 'मधे किती तेल वाढवलं' हेच. ड्रायव्हर आठवड्याला अर्धा लिटर ओततो आणि मालकाला पत्ता नसतो. अवर मीटर बंद असलेल्या ट्रॅक्टरचा नमुना पाठवण्यात तर अर्थच नाही. आधी मीटर चालू करून घ्या.

रिपोर्ट कसा वाचायचा ते एका उदाहरणावरून बघू. समजा 50 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर आहे, चेंबर 8 लिटरचं. पहिल्या नमुन्यात 250 तासांच्या तेलात लोखंड 38, शिसं 6, तांबं 9, सिलिकॉन 8. दुसऱ्यात पुन्हा 250 तासांवर लोखंड 45, शिसं 9, तांबं 11, सिलिकॉन 10. तिसरा नमुना 180 तासांवर घेतला, मधे दीड लिटर तेल वाढवलं होतं. त्यात लोखंड 52, शिसं 19, कथील 2, तांबं 7, सिलिकॉन 24, अ‍ॅल्युमिनियम 9.

नुसतं बघितलं तर शिसं 6, 9, 19. बऱ्याच तक्त्यांत 19 हा आकडा अजून हिरव्या रकान्यातच पडतो, त्यामुळे रिपोर्टच्या खाली 'सामान्य' असा शेराही येऊ शकतो. पण तासांचा हिशेब करा. पहिल्या नमुन्यात दर शंभर तासांना 2.4 पीपीएम. तिसऱ्यात नवीन तेलाने पातळ झालेलं धरून 19 ला 9.5 ने गुणा आणि 8 ने भागा, साडेबावीस येतात. ते 180 तासांचे, म्हणजे शंभर तासांना साडेबारा. झिजेचा वेग पाच पट झाला! वाढीव तेलाचा हा हिशेब ढोबळ आहे, कारण गळून गेलेलं तेल धातू घेऊन जातं आणि जळालेलं तेल बराचसा धातू मागे ठेवतं. तरी दिशा कळायला तो पुरेसा आहे.

माझं मत असं, की तक्त्यातल्या मर्यादेपेक्षा त्याच इंजिनाची मागची चाल जास्त खरी. शिशाचा दर शंभर तासांचा वेग आधीच्या दुप्पट झाला तर कारण शोधायला लागा. सलग दोन नमुन्यांत तो चढाच राहिला, किंवा शिशाच्या मागोमाग तांबंही चढू लागलं, तर चेंबर उघडा. फक्त एका नमुन्यावर उघडायचं ते एकाच वेळी शिसं, तांबं, कथील तिन्ही उसळले असतील तेव्हा, किंवा तेलात रेडिएटरचं पाणी सापडलं तेव्हा.

वरच्या उदाहरणात शिशाबरोबर सिलिकॉनही चढलंय. ही धूळ. म्हणून आधी एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज काढून वाकवून बघायचा. क्लिपच्या खाली, जिथे बाहेरून काही दिसत नाही तिथे, केसाएवढी चीर असते आणि आतल्या बाजूला धुळीची बारीक रेघ उमटलेली असते. होज बदला, तेल आणि फिल्टर बदला आणि पुढचा नमुना 250 वर न थांबता 100 तासांवर घ्या. शिशाचा वेग पूर्वीच्या जवळ आला तर बेरिंगने धूळ मुलाम्यात गिळली आहे आणि ते अजून काम देईल. वेग उतरला नाही तर कण शेलमध्ये रुतून क्रँकला घासत आहेत, आणि मग हंगामाआधीच उघडलेलं बरं.

धुळीचा रिपोर्ट वाचताना आपल्या भागाची एक खुबी लक्षात घ्यावी लागते. साधारणपणे मातीत सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट असतं, म्हणून सिलिकॉनच्या मानाने अ‍ॅल्युमिनियम जास्त दिसलं की पिस्टनवर संशय घेतात. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी माती जांभ्याची आहे. जांभ्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच भरपूर. याच पश्चिमेच्या पठारांत बॉक्साइट सापडतं आणि बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे तो त्यामुळेच. तेव्हा त्या बाजूला चालणाऱ्या टिपरच्या किंवा जेसीबीच्या तेलात सिलिकॉनसोबत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम थोडं वाढलेलं दिसलं तर त्यातला काही भाग सरळ धुळीचा असू शकतो. पिस्टन गेला असं लगेच धरू नका. अथणी-कागवाडच्या काळ्या मातीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचा रिपोर्ट आणि चोर्ला घाटाच्या रस्त्यावरच्या टिपरचा रिपोर्ट एकाच फूटपट्टीने मोजता येत नाही. धुळीने बेरिंगचं नुकसान मात्र दोन्हीकडे होतंच.

फसवणारे आकडे आणखीही आहेत. तांबं एकटंच वाढलं, अगदी शंभराच्या वर गेलं, पण शिसं आणि कथील जागच्या जागी असेल तर बहुतेक वेळा ते ऑइल कूलरचं असतं. इंजिन नवीन असताना किंवा तेलाची कंपनी बदलल्यावर कूलरच्या तांब्यातून ते सुटतं आणि पुढच्या दोन-तीन तेलबदलांत आपोआप उतरतं. त्यासाठी बेरिंग उघडू नका. हेडचं किंवा चेंबरचं काम केल्यावर सिलिकॉन वाढलं आणि लोखंड, अ‍ॅल्युमिनियम स्थिर असेल तर ते गॅस्केटच्या सिलिकॉन पेस्टचं. नव्या टर्बो-इंटरकूलरच्या गाड्यांत पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम जोडीने वर दिसतात. ते इंटरकूलरच्या झाळणीतून सुटलेलं असतं, कूलंटचं नसतं. आणि लोखंड एकटं वाढलं तर लायनर, कॅम, टॅपेटकडे बघायचं, बेरिंगकडे नाही.

शिसं वाढलं पण लोखंड आणि सिलिकॉन जागेवर, असं दिसलं तर आम्लाचा विचार करा. तेलाची आम्ल मारायची ताकद, म्हणजे टीबीएन, नव्या तेलाच्या निम्म्याखाली गेली की शिशाचा मुलामा गंजायला लागतो. 2020 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-6 डिझेल आल्यावर त्यातलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आलं, त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा कमी झालाय. राहिलेला त्रास आपल्या सवयीचा. हंगाम संपला की ट्रॅक्टर काळ्या तेलासकट छपरात लागतो आणि पुढे चार महिने पाऊस. तेलातलं आम्ल आणि हवेतला ओलावा यांना बेरिंगवर काम करायला पूर्ण पावसाळा मिळतो. तेल बदलायचं ते हंगाम संपल्यावर, उभं करायच्या आधी. दिवाळीच्या तोंडावर बदलून मागचं नुकसान भरून निघत नाही.

पाण्याचं प्रकरण आपल्याकडे जास्त अवघड आहे. कूलंट भरलेल्या गाडीत ते तेलात आलं तर रिपोर्टमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम उसळतं आणि लगेच कळतं. पण आपल्याकडचे बरेच ट्रॅक्टर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घेऊन फिरतात. त्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तेलात आधीच असलेल्या रसायनांत मिसळून जातं आणि सोडियम ठळक दिसेलच असं नाही. म्हणून साधं पाणी असलेल्या इंजिनासाठी प्रयोगशाळेला पाण्याची वेगळी तपासणी मुद्दाम सांगा. घरी करायची तर लोखंडी पट्टी चांगली तापवून तिच्यावर तेलाचा एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. चष्मा लावून करा, थेंब उडतात. पाणी सापडलं तर आधी हेड गॅस्केट, लायनरच्या ओ-रिंगा आणि ऑइल कूलर. ते न करता बेरिंग बदललं तर नवा सेटही तसाच जाईल.

चौथं कारण डिझेलचं. नोझल गळत असेल किंवा पंपाचं सील गेलं असेल तर तेल पातळ होतं. 15डब्ल्यू-40 तेलाची चिकटाई 100 अंशांवर 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक असायला हवी. ती 12.5 च्या खाली गेली की पिन आणि शेलमधला तेलाचा पापुद्रा पातळ होतो. त्यात डबल ट्रॉली लावून वरच्या गिअरात इंजिन दाबून चढ काढला, म्हणजे फेरे कमी आणि दाब जास्त, की पापुद्रा तुटतोच. अशा वेळी कनेक्टिंग रॉडचा वरचा शेल आणि मेनचा (क्रँक इंजिनात जिथे बसतो त्या बेरिंगचा) खालचा शेल आधी मार खातात, कारण पिस्टनवरचा धक्का त्यांच्यावर उतरतो. तवंदी घाटात एक गिअर खाली घेऊन चढणारा ड्रायव्हर डिझेल थोडं जास्त जाळेल, पण शेल वाचवतो. डिपस्टिकवर तेल 'वाढताना' दिसलं तर खुश होऊ नका. इंजिन तेल तयार करत नाही, ते डिझेल किंवा पाणी असतं.

आता तेलाचा रिपोर्ट जिथे आंधळा असतो ती जागा. प्रयोगशाळेचं यंत्र साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजतं. झीज हळू असेल तर कण बारीक असतात आणि आकडा खरा येतो. पण बेरिंग थकून त्याचे पापुद्रे सुटायला लागले तर ते मोठे तुकडे यंत्राच्या डोळ्याला दिसतच नाहीत. शिसं 12 आणि शेलला खळगे, असं होऊ शकतं. चुंबकावर चालणारी दुसरी तपासणी फक्त लोखंड मोजते. शिसं, तांबं, कथील तिच्यात येत नाही.

म्हणून प्रत्येक तेलबदलाला फिल्टर कापायचा. हॅकसॉने नाही, तिचाच भुगा आत पडतो आणि मग तुम्ही ब्लेडचे कण बघत बसता. फिल्टर कापायचं फिरतं कटर घ्या. घड्यांचा कागद काढून कापडात गुंडाळा, वाइसमध्ये दाबून तेल निथळवा आणि उन्हात पांढऱ्या कपड्यावर उलगडा. एक-एक घडी बोटांनी उघडत जा. लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात, बेरिंगचे नाही. मुलाम्याचा कण राखाडी-पांढरा, पातळ, आणि नखाने दाबला तर चपटा होऊन कागदाला फासला जातो. तांबूस खपली दिसली तर मुलाम्याखालचा थर सुटतोय. पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम चमकतो, पण नखाखाली तसा फासला जात नाही. अशा खपल्या सापडल्या तर रिपोर्टची वाट बघू नका. गाडी तिथेच थांबवा.

ऑइल प्रेशरवर आणि आवाजावर विसंबणाऱ्यांना एक सांगायचंय. गरम इंजिनात आयडलिंगला काटा खाली यायला लागतो तेव्हा फट वाढून झालेली असते. खालून टकटक ऐकू येते तेव्हा क्रँकलाही लागलेलं असतं. तेलातला धातू या दोन्हींच्या आधी बोलतो. त्याचं महत्त्व तेवढ्यासाठीच आहे.

उघडायचं ठरलं तर गाडी कोणती यावर खर्च ठरतो. बहुतेक ट्रकांचं चेंबर पत्र्याचं असतं, खालून बोल्ट काढून उतरतं, दिवसभरात शेल बघून होतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र ओतीव चेंबर हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो आणि पुढचा अ‍ॅक्सल त्याच्यावरच टेकलेला असतो. तिथे पुढचा भाग सोडवून इंजिनाला ठोकळ्यांवर नीट आधार द्यावा लागतो. नुसत्या जॅकवर हे काम करू देऊ नका. म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी रिपोर्टची चाल उन्हाळ्यातच बघावी. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपताना एक नमुना घ्या. चढ दिसला तर पावसाळ्यात काम करायला निवांत वेळ मिळतो आणि बेळगावच्या उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंगसाठी रांगही कमी असते.

सगळं खोलायची घाई करू नका. आधी एका रॉडची टोपी काढा. शक्यतो ऑइल पंपापासून सगळ्यात दूरच्या सिलिंडरची, तेल तिथे शेवटी पोहोचतं. टोपी आणि रॉडवर नंबर आणि दिशा नसेल तर पंचाने खूण करा, टोप्या कधीच अदलाबदल होता कामा नयेत. मग त्या रॉडचा वरचा शेल बघा. मधोमध एकसारखा मळका राखाडी पट्टा असेल तर नैसर्गिक झीज, बंद करा. तांबूस रंग उघडा पडलेला दिसला तर मुलामा संपलाय, सेट बदला. काळे ठिपके आणि प्रत्येकाभोवती चकचकीत कडं दिसलं तर रुतलेली धूळ. मे महिन्यात काळ्या रानाला पडतात तशा जाळीदार भेगा आणि निघालेल्या खपल्या म्हणजे थकवा, बहुतेक वेळा जास्त भाराचा. काळपट, स्पंजासारखा खडबडीत भाग म्हणजे आम्ल किंवा पाणी. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय किंवा पिन निमुळती झालीय, नुसता शेल बदलून भागणार नाही. आणि शेल काढून उलटा करून पाठही बघा. पाठीला घासून चमक आली असेल तर शेल सीटमध्ये हलत होता, म्हणजे बोल्ट सैल किंवा रॉडचं भोक लंबगोल झालंय.

रॉडचे शेल चांगले निघाले तरी एक मेन उघडून बघा, कारण रिपोर्टमध्ये दोघांचा फरक कळत नाही. मेनचा वरचा शेल क्रँक न काढताही क्रँकच्या तेलाच्या भोकात एक बारीक पिन घालून फिरवून बाहेर काढता येतो. एका वेळी एकच टोपी सोडायची.

क्रँकच्या पिनवर नख फिरवा. नख अडकलं तर पिनला ओरखडा आहे आणि नवा शेल टाकून उपयोग नाही. न अडकलं तर मायक्रोमीटरने दोन दिशांनी आणि दोन जागी मापा, लंबगोलपणा आणि निमुळतेपणा कळतो. फट प्लास्टिगेजने (फटीत दाबून चपटी करायच्या मऊ प्लास्टिकच्या पट्टीने) मोजा. हिरवी पट्टी साधारण 0.025 ते 0.076 मिमीसाठी, लाल 0.05 ते 0.15 साठी. 60 मिमीच्या पिनला 0.05 ते 0.1 मिमीच्या आसपासची फट सर्रास दिसते, पण अंतिम शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. पट्टी ठेवल्यावर टॉर्क द्यायचा आणि क्रँक अजिबात फिरवायचा नाही, फिरवला की पट्टी फाटून माप चुकतं.

ग्राइंडिंग करायचंच झालं तर 0.25 मिमी, म्हणजे दहा थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पुढे वीस थाव. ग्राइंडरवाल्याला पिनच्या कडेची गोलाई मुळाएवढीच ठेवायला बजावून सांगा. ती गोलाई तीक्ष्ण झाली की क्रँक नेमका तिथूनच तुटतो. नायट्रायडिंग केलेला (वरचा थर कडक केलेला) क्रँक ग्राइंड केल्यावर पुन्हा नायट्रायडिंग लागतं. ते टाळलं तर मऊ पिन नव्या शेलला खाऊन टाकते. ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रशने धुतल्याशिवाय तो जोडू देऊ नका. दगडाची पूड तिथेच दडून बसते.

बसवताना शेलची पाठ आणि सीट कोरडी, तेलाचा थेंबही नको, आतली बाजू भरपूर तेलाने माखलेली. भोक आणि खोबण असलेला मेनचा शेल वरच, खाली नाही. खालीवर झाला तर त्या बेरिंगला तेलच मिळत नाही. ताणून बसवायचे रॉड बोल्ट असतील तर नवेच घ्या. ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या उलटसुलट धुवून काढा. खपल्या सुटल्या असतील तर कूलर बदला, त्याच्या पोटात राहिलेला धातू पहिल्याच तासात नव्या शेलवर येतो. डिझेल बंद ठेवून प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडाथोडा मारा, मगच इंजिन सुरू करा.

पहिलं तेल 50 तासांवर बदला आणि त्याचा नमुना पाठवा, पण त्या आकड्याने घाबरू नका. नवे शेल बसताना शिसं आणि तांबं थोडं जास्त येतंच, पेस्टचं सिलिकॉनही येतं. पुढचा नमुना 150 तासांवर, मग 250 वर. या तिसऱ्या नमुन्यापासून त्या इंजिनाची नवी चाल मोजायला सुरुवात करायची. जुने शेल भंगारात टाकू नका. कुठला शेल कुठल्या सिलिंडरचा ते मार्करने पाठीवर लिहा आणि त्या वेळच्या रिपोर्टसोबत पिशवीत बांधून ठेवा. शिशाचा कोणता आकडा आला तेव्हा शेल प्रत्यक्षात कसा दिसत होता, ही जोडी पुढच्या वेळी त्याच इंजिनाचा रिपोर्ट वाचताना लागेल.